देवकीने अडवलेली मुहूर्ताची फ्लॉपी

सक्करदऱ्याची देवकी नोकरीला लागली तेव्हा तिच्या घरात कॉम्प्युटर कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. बाप जागेश्वर जन्मभर हातमागावर बसलेला. पोरगी नुसती बटणं दाबून पगार आणते, याचंच त्याला केवढं नवल! रामदासपेठेत मनोहररावांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. गिऱ्हाइकं फ्लॉप्या आणून द्यायची, त्या मोठ्या मशीनवर चढवायच्या आणि काम छापून द्यायचं. त्याच मशीनमध्ये जवळच्या एका दवाखान्याच्या रक्तदात्यांची नावं, गट, पत्ते होते. सगळे देवकीने टाइप केलेले.

आलेली फ्लॉपी घ्यायची, गिऱ्हाइकाला वर तोंड करून विचारायचं नाही, हा मनोहररावांचा शिरस्ता. मग व्हायचं तेच झालं. एका फ्लॉपीवर चिठ्ठी होती ‘पत्रं’. आत पत्रंबित्रं कसली, सगळं पुसून टाकणारा प्रोग्राम! चालवला मात्र, मशीन कोरं झालं. त्याच दुपारी दवाखान्यातून फोन आला. बाळंतीण अडली होती, तिला सहज न मिळणाऱ्या गटाचं रक्त हवं होतं, पत्ते सांगा म्हणाले. देवकी सांगणार काय, कपाळ! पत्ते छापून ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. ती बाई गेली.

दवाखान्याने रक्तदाते पुन्हा शोधून काढले, देवकीने सगळे पत्ते नव्याने टाइप केले आणि स्वतःचा नियम करून टाकला. फ्लॉपी कोणाचीही असो, आधी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनमध्ये जायची. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतंच. वरची चिठ्ठी काय म्हणते ते सोडायचं, आत काय आहे ते उघडून, चालवून बघायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायची. ही बाई टस की मस व्हायची नाही.

एकोणनव्वदचा दसरा आला. मशीनला झेंडूची माळ, बटणांवर हळदकुंकू. पूजा झाली की मानाच्या माणसाच्या हातून पहिलं काम चढवायचं, ही तिथली रीत. त्या वर्षीचा मान कळमेश्वरच्या कारखान्याचे मालक भैयाजी यांचा. सेंटरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी दिल्लीहून कुंडलीचा प्रोग्राम आणला होता. टाळ्या सुरू झाल्या, भैयाजी फ्लॉपी घेऊन पुढे सरकले, आणि देवकीने मशीनच्या फटीवर तळहात ठेवला.

“आधी जुन्या मशीनवर, भैयाजी.”

टाळ्या बंद. मनोहरराव धावत पुढे आले. “हे काय करून राहिली वं तू? सणाचा दिवस आहे, पाहुण्याची बेइज्जती करते काय?”

“बेइज्जती कायची? सगळ्याइच्या बघतो, तशी याइची बघतो.”

“मी काय चोर आहो काय गा, मनोहरराव?” भैयाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“तुम्ही नाही भैयाजी. पण फ्लॉपीत काय आहे, हे तुमाले तरी कुठं माहीत हाये?” देवकीने हात काढला नाही. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हे डोक्यात होतं. तरी हात तिथंच.

शेवटी फ्लॉपी जुन्या मशीनमध्ये गेली. आणि चांगली निघाली! अगदी स्वच्छ. भैयाजींची कुंडलीसुद्धा छापून आली. लोक हसले. मनोहररावांना तर जोरच चढला.

“माग माफी! सगळ्यांसमोर!”

“काहून मागू? चांगली निघाली, हे बघितल्यावर समजलं ना?”

“मागत नसशील तर उद्यापासून येऊ नको.”

मग मात्र देवकीचा आवाज चढला. “त्या बाळंतिणीच्या नवऱ्याची माफी कोणी मागितली, साहेब? तुम्ही? मले सांगा, मग मी भैयाजींची मागतो.”

मनोहररावांनी पेढ्यांचं ताट उचलून भैयाजींपुढे धरलं. भैयाजी पेढा न खाताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी देवकी वेळेवर आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने मनोहरराव आले. खिशातून त्यांनी स्वतःच्या घरची फ्लॉपी काढली आणि तिच्याकडे न बघता थेट मोठ्या मशीनकडे निघाले.

“येऊ नको म्हटलं होतं तुले,” ते जाता जाता म्हणाले.

“ऐकलं मी.” देवकी उठली, त्यांच्या आडवी आली आणि हात पुढे केला. “इकडे द्या साहेब. आधी जुन्या मशीनवर.”