गाणार कोण, ते आधी सांगा

गंगाराम सुतार गेल्याचं मला शाळेत, वर्गावर असताना कळलं. पोशीरहून त्याचा मेहुणा चालत आला होता. दारातच उभा राहून म्हणाला, "मास्तर, दाजी नाय रायले..." त्याला आता दीड महिना झाला. इतक्या दिवसांत मी एक अक्षर लिहिलं नाही, आणि लिहिलंही नसतं. पण परवा आमच्या भिसेगावच्या भजनात मुंबईहून आलेल्या एका तरुण पेटीवाल्याने मंडळाची पेटी वाजवून पाहिली आणि हसून विचारलं, "कुणी लावलीय ही? अंदाजपंचे काम दिसतंय." त्या शब्दाचा राग अजून उतरलेला नाही.

गंगाराम मूळचा लाकूडकामातला. माथेरानला एका साहेबाच्या बंगल्यात पियानोचा मोडका पाय बसवायला गेला आणि तिथे तारा लावायला आलेल्या म्हाताऱ्या गोवेकरापाशी दोन दिवस बसून राहिला. दोन पट्ट्या एकदम दाबल्या की सुरात लाट उठते. ती कुठे पुसायची आणि कुठे राहू द्यायची, हे तो तिथे शिकला. मग आमच्या भागातल्या पेट्या त्याच्याकडे येऊ लागल्या. पेटी उघडण्याआधी तो एकच विचारायचा, "गाणार कोन?" मी काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गातो. चार-चार दिवस तो मला गायला लावायचा, ऐकायचा, पेटीतली पितळेची जीभ कानशीने केसभर घासायचा, पुन्हा ऐकायचा. बाराही सूर सारख्या अंतराने का लावत नाहीस, असं मी एकदा शहाणपणाने विचारलं. "बारा पोरं हायत, मास्तर. सगळ्यांना सारखंच अर्धपोटी ठेवलं, तर जेवलं कोन?" बारीकशी लाट अजून ऐकू येते, अशी तक्रार केली की मात्र भडकायचा. "येऊ द्या की! तुमचा गळा काय लोखंडाचा हाय? त्याला हलाया जागा नको?" आणि हा माणूस म्हणे अंदाजाने काम करायचा!

त्या तरुणाने काळी एक सोडून पांढरी पाचला सा धरून दाखवला. पेटी कुरकुरली. मी म्हटलं, "तिथून आमच्यात कुणी गात नाही."

"उद्या कुणी आलं तर?"

"तर गंगाराम येईल, त्याचं गाणं ऐकेल, आणि..." पोरगा मनाचा वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "द्या माझ्याकडे, सारखी करून देतो."

नाही दिली. हट्ट म्हणा हवं तर. दुसऱ्या पट्टीत गाणारा कधीतरी येणार, हे मलाही कळतं. म्हणून पोशीरला जाऊन गंगारामची कानस मागून आणली. "मास्तर, तुमाला जमंल का?" त्याच्या बायकोने विचारलं. नाही जमणार, असं मी सरळ सांगितलं, तरी तिने ती दिली. काल घरच्या जुन्या पेटीतला एक सूर घासला. पार बिघडला. आज दुसरा घेतलाय.