झांजा नसलेला अल्बम

त्या बँडचं नाव मी इथं लिहिणार नाही. नाव निघालं की त्या एका अल्बमवरून लोक अजूनही तावातावानं भांडायला येतात, आणि मला आता त्या भांडणात पडायचं नाही. बँड परदेशी होता, मेटल वाजवणारा होता आणि जुना होता. मी बालवाडीत जायच्या आधीपासून ही माणसं गिटारी बडवत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी फक्त तेच वाजायचे. साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेल्या माझ्या बाबांना त्यात गाणं कुठं आहे ते शेवटपर्यंत सापडलं नाही. "कोण गेलं याचं?" असं ते गायकाबद्दल विचारायचे आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे.

ऐकणारे आम्ही तिघं. माझा दादा, मी, आणि दादाचा जासई गावचा मित्र. मी ज्युनिअर कॉलेजात होते, ते दोघं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. मेटल ऐकणारी मुलगी म्हणून सोसायटीत माझ्याबद्दल बरंच बोललं जायचं. घरात मात्र या दोघांना माझं मत विचारावंसं कधी वाटलं नाही, म्हणून मी ते न विचारताच द्यायचे.

हा मित्र दादाबरोबर बारावीपर्यंत शिकला आणि मग कारखान्यात लागला. त्यांची भातशेती सरकारी भूसंपादनात गेली होती, आणि जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, तशी ती नोकरी त्याच्या वाट्याला आली होती. कंटेनर यार्डाच्या मागं पत्र्याची पिंपं बनवायचा कारखाना होता. दिवसभर पत्रा वाकवायचा, ठोकायचा, कडा दाबायच्या. तिथून सुटला की अंघोळ करून, केसांना पाणी लावून, लाल बस पकडून तो आमच्याकडे यायचा. आई त्याच्यावर खूष होती. एका रक्षाबंधनाला तिनं त्याच्यासाठीही राखी आणून ठेवली, तेव्हा मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि तो जाईपर्यंत उघडलं नाही. मला तो आवडायचा. आईला ते कळलं असणार, कारण पुढच्या वर्षी राखी एकच आली.

आमच्या तिघांत शेवटचा शब्द त्याचा असायचा, आणि त्याला कारण होतं. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेटच्या झाकणाआड टेपवर टेकून आवाज वाचणारं हेड असतं, आणि हेडच्या बाजूला एक चिमुकला स्क्रू. तो जरा इकडचा तिकडे झाला की वरचे बारीक, झगझगीत आवाज जातात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं येतं. हा स्क्रू लावायला कान लागतो, दुसरं काही नाही. दादाच्या मित्राच्या खिशात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम असायचा. आमचाच नव्हे, आमच्या जिन्यातल्या चार घरांचे टेप त्यानं लावून दिले होते. लहानपणी वडिलांच्या भजनी मंडळात तो झांजा वाजवायचा, त्यामुळे ड्रमसेटवरच्या त्या पितळी थाळ्यांनाही तो झांजाच म्हणायचा. त्याचं ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

तर नवा अल्बम आला. कितीतरी वर्षांनी आला. स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्याला दादानं इतकं छळलं होतं की त्यानं कॅसेट हातात देताना "आता महिनाभर तोंड दाखवू नको" असं सांगितलं. आतल्या फोटोत गायकाला चष्मा लागलेला होता, आणि गिटारवाल्याच्या पोटावर गिटार नीट राहत नव्हती. दादाचा चेहरा तिथंच उतरला.

ऐकून झाल्यावर तर तो उठून येरझाऱ्याच घालायला लागला. "संपले. गेले कामातून. आता हे मंगल कार्यालयात वाजवा." गाणी संथ झाली होती हे खरं. गायक पूर्वीसारखा किंचाळत नव्हता, काही ठिकाणी तर चक्क गात होता. पण मला अल्बम आवडला होता. दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं होतं, त्यात ड्रमवाला झांजेला नुसता स्पर्श केल्यासारखा करत होता आणि तो आवाज विरेपर्यंत बाकीचे सगळे थांबून राहत होते. माझ्या अंगावर काटा आला. ही माणसं म्हातारी झाली असतील, पण म्हातारपणी असं वाजवता येत असेल तर बरंच आहे की, असं मला वाटलं.

मित्रानं एक गाणं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, "झांजा काढून टाकल्यात यांनी."

"काय?"

"यात झांजा कुठं हायत? सगला ढोलच ढोल. धार गेली."

"अरे, भरून आहेत झांजा!" मी म्हणाले.

"बाय, तू नवीन हायस," तो हसून म्हणाला, आणि दादानंही मान डोलावली. त्याचा कान म्हटल्यावर विषय संपला. दादाला तर आयतं कारण मिळालं. कॉलेजच्या कट्ट्यावर अल्बमवरून दोन तट पडले होतेच. काहींना वाटे बँड पिकला, काहींना वाटे विकला गेला. दादा तिथं जाऊन सांगून आला की झांजाच काढून टाकल्यात. मग ज्यांनी जन्मात झांजांकडे लक्ष दिलं नव्हतं तेही "धार गेली" म्हणून हळहळायला लागले. मी एकटी त्यांच्याशी भांडत होते. माझ्या म्हणण्याला कुणी भीक घातली नाही. 

तरी मित्राला चैन पडत नव्हती. आपल्या बँडनं असं करावं हे त्याच्या जिवाला लागलं होतं. कॅसेटच खराब असेल म्हणून त्यानं ती बदलून आणली. मग कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. शेवटी एका रविवारी त्यानं आमच्या टू-इन-वनचं झाकण काढलं, माझं ते संथ गाणं लावलं आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

त्यानं स्क्रू उजवीकडे फिरवला. झांजा मंद झाल्या आणि मग गेल्याच.

"अरे गेलं, मागं घे," दादा म्हणाला.

"कुठं? हाय तसाच हाय."

त्यानं डावीकडे फिरवला. झांजा इतक्या लखलखीत वाजल्या की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कमी करा रे ते!"

"आता?" मी विचारलं.

"मना काय फरक नाय वाटत. रेकॉर्डिंगच तसं हाय." असं म्हणून त्यानं स्क्रू पुन्हा उजवीकडे पार टोकाला नेला आणि तिथंच ठेवला. दादाला वाटलं हा चेष्टा करतोय. तो हसायला लागला. मित्रानं कॅसेट काढली आणि त्याच टेपमध्ये जुनी घातली, आमची सगळ्यांत लाडकी, ऐकून ऐकून झिजलेली. "आता हे आयका," तो म्हणाला.

स्क्रू पार फिरलेला. आम्हाला त्यातून नुसता घुमणारा गदारोळ ऐकू येत होता, झांजेचा एक ठोका नव्हता. पण तो डोळे मिटून बसला होता, आणि जिथं जिथं झांज होती तिथं तिथं त्याचं बोट हवेत उडत होतं. ती गाणी आम्हालाही पाठ होती, त्याची एकही चुकली नाही. "बघा," तो डोळे न उघडता म्हणाला, "याला म्हनतात झांजा. कशा वाजतात बघा!"

दादाचं हसू थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. जुना अल्बम मित्राला पाठ होता. नवा पाठ नव्हता, तो कानांनीच ऐकावा लागणार होता.

तो गेल्यावर आम्ही दोघं तसेच उघड्या टेपपाशी बसलो होतो. आईनं विचारलं काय झालं. दादानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. पोळी वाढू का विचारलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो." मग मला आठवलं, त्यानं अलीकडे लावून दिलेले जिन्यातले दोन टेपही गोधडीखालून वाजत होते, आणि त्या घरांनी टेप जुने झाले म्हणून नशिबाला दोष दिला होता.

त्याला सांगायचं काम दादानं केलं. कसं केलं ते मला त्यानं कधी सांगितलं नाही. मग ते दोघं वाशीला कानाच्या डॉक्टरकडे गेले, आणि पुस्तकं घ्यायची आहेत असं सांगून मीही त्यांच्याबरोबर निघाले. काचेच्या खोलीत त्याला हेडफोन लावून बसवलं होतं. आवाज आला की हातातलं बटन दाबायचं. सुरुवातीला तो पटापट दाबत होता. नंतर नंतर तो नुसता बसून राहिला, बटनावर अंगठा ठेवून, परीक्षेत उत्तर न आठवणाऱ्या मुलासारखा. बाहेर उभं राहून मी मनात म्हणत होते, दाब, दाब ना, आता आवाज येत असेल.

डॉक्टर चांगले होते, लपवाछपवी केली नाही. वरचे आवाज गेलेत, ते परत येत नाहीत, त्यावर औषध नाही. उरलंय ते सांभाळायचं असेल तर त्या ठोकाठोकीतून बाहेर पडा, एवढंच त्यांनी सांगितलं. मित्र त्यांच्या ओठांकडे बघत होता आणि सगळ्याला "हो, हो" म्हणत होता.

कारखान्यात त्यानं दुसऱ्या खात्यात टाका म्हणून विनंती केली. "कापूस घाल कानात," सुपरवायझर म्हणाला. कापूस तर तिथं सगळेच घालत होते. शेवटी दादा आणि मी जासईला त्याच्या घरी गेलो, निदान त्याच्या आईला तरी समजावू म्हणून. त्या तांदळाची भाकरी थापत होत्या. दादा बोलत होता तोवर त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. मग त्यांनी पिठाच्या हातानं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दारातून एकावर एक रचलेले कंटेनर दिसत होते.

"तिकरं आमची शेती व्हती," त्या म्हणाल्या. "ती दिली तवा ही नोकरी मिलाली. आता नोकरी सोरली त जमीन फुकट गेली नाय का रं, बाला?"

दोन लाल मिरच्या आणि सुकटाची चटणी घालून त्यांनी आम्हाला भाकरी दिली आणि आम्ही ती मुकाट्यानं खाल्ली. परत येताना बसमध्ये मला इतका राग आला होता की रडू यायला लागलं. पण रागवायचं कुणावर? त्यांच्यावर रागावता येत नव्हतं, आणि कारखान्यावर रागावून कारखान्याला काही फरक पडणार नव्हता. मित्र स्वतः तर नंतर भेटला तेव्हा थट्टाच करत होता: "बहिरा कान बायको आली की उपयोगी परंल."

त्या पुढच्या रविवारी तो आला तेव्हा मी एक गोष्ट ठरवून ठेवली होती. दादानं माझ्या कानांवर भरवसा ठेवून स्क्रू पुन्हा जागेवर आणला होता. मी नवा अल्बम लावला, मित्राच्या शेजारी बसले आणि त्याचा हात माझ्या मांडीवरच्या उशीवर ठेवला. झांज वाजली की मी बोटानं त्याच्या हाताच्या पाठीवर टकटक करायची. हळू वाजली तर हळू, लांब घुमली तर बोट तसंच टेकवून ठेवायची. जुना पाठ झाला तसा हाही पाठ होईल, अशी माझी कल्पना. दादा दारात उभा होता. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. संथ गाणं आलं तेव्हा मित्राच्या दुसऱ्या हाताचं बोट माझ्याबरोबर उडायला लागलं होतं. मला इतका आनंद झाला की मी हसले.

त्यानं हात काढून घेतला.

"राहू दे, बाय."

"अरे, येतंय तुला! दोन-चार वेळा ऐकलंस की पाठ होईल."

"पाठ झालं तं कलंल ना मना," तो म्हणाला, "काय काय वाजतंय नि मना येत नाय ते." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अल्बमच वाईट निघाला म्हन. होतं असं. म्हातारे झाले ते."

"मग काय!" दादा दारातून लगेच म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, संपले."

आता दोघंही माझ्याकडे बघत होते. या अल्बमसाठी मी अख्ख्या कट्ट्याशी भांडले होते, घरात भांडले होते, त्याच्याशीही भांडले होते. माझं ते गाणं अजून वाजत होतं, आणि त्यातली ती शेवटची लांब झांज खोलीभर घुमत होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणून मी सावकाश, ओठ नीट दिसतील असं म्हणाले, "हो रे. झांजाच नाहीत त्यात."