लोखंड लागलेला खड्डा

“टाक ते, नाहीतर हात तोडीन!” गावचा पुजारा ओरडत होता आणि त्याची काठी माझ्या मनगटावर पडतही होती. ओरडणं आधी की काठी आधी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या मुठीतली खुरपी निसटून खड्ड्यात पडली. वीतभर पातं, खाली माझ्या गावी, कळसाडीच्या कपाशीत निंदून झिजलेलं. ते दिसलं मात्र, भोवती गुडघ्यांवर बसलेली सगळी माणसं उठली. सातशे तरी असतील. बायको म्हणते अकरा होती. आता मार खाणाऱ्याची मोजणी खरी की कुडावरून बघणाऱ्याची, तुम्हीच ठरवा.

होळीचा उंच बांबू जिथे उभा करायचा, तो खड्डा आमच्या डोंगरातल्या गावात नुसत्या हातांनी उकरतात. लोखंड लागलं की खड्डा बाटला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. धडगावच्या पुढे या पाड्यावर चक्की टाकून मला अठरा वर्षं झाली होती. अर्ध्या सातपुड्याच्या पोटात माझं पीठ, पण मी माणूस खालच्या सपाटीचा. देव शोधायला जीपच्या टपावर बसून गाव सोडायचो. इतक्या देवळांच्या पायऱ्या चढलो, की एकावर एक रचल्या असत्या तर चंद्रावर दुसरी चक्की टाकली असती. आत काही हलायचं नाही. हलायचं ते होळीच्या दुपारी, चक्कीच्या दारातून ती उकरणारी माणसं बघताना. आपण या डोंगरात कशाला येऊन पडलो, ते त्या खड्ड्यातच कळेल असं वाटायचं. पण त्या रिंगणात मला कुणी बोलावत नव्हतं.

यंदा शेजाऱ्याने पुजाऱ्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मी नवस बोललो, पाच दिवस भुईवर झोपलो, अनवाणी फिरलो. आणि हातभर खोलीवर मुरूम लागला. माझी तीन नखं उखडली. बाकीचे उकरतच होते. मला वाटलं, देवाचं काम लवकर उरकलं तर देव कशाला रागवेल? कमरेची खुरपी हळूच काढली. आमच्याकडे सपाटीला ते सहावं बोटच असतं.

पहिला ठोसा शेजाऱ्याचा. ज्याने शब्द टाकला त्याचाच. माझा दात उडाला तो सातपुडा ओलांडून नर्मदेत पडला असावा, कारण इकडे सापडला नाही. दुसरा ठोसा नाकावर. मीही गप्प नव्हतो, त्याच्या दंडाला असा चावलो की अजून खूण आहे. त्याने मला केसांना धरून आडवा केला आणि छातीवर बसून मारू लागला. मागे कुणी धोंडा उचलला होता, कुणी कुऱ्हाड आणायला धावला होता. याला घाटाखाली फेका, उद्याच्या पहिल्या जीपने चक्कीसकट पाठवा, असं चाललं होतं. तेवढ्यात शेजारी माझ्या कानाशी वाकला.

“पडून राहा. मी मारतोय तोवर दुसरा मारणार नाही.”

मार मात्र खोटा नव्हता. दोन बरगड्या मोडल्या त्या त्यानेच.

पुजाऱ्याने पहिला खड्डा बुजवायला लावला आणि दहा पावलांवर काठीने नवी खूण केली. सूर्य कलला होता. बांबू अंधारापूर्वी उभा राहायला हवा होता. मी रांगत त्या खुणेपाशी गेलो आणि हात खुपसले. कुणीतरी कमरेत लाथ घातली, मी मातीत तोंडावर पडलो. उठून उकरलं. पुन्हा लाथ, पुन्हा माती. मग मीही संतापलो. माणसाला मारावं तसं त्या जमिनीला मारू लागलो. अठरा वर्षं दारात उभं ठेवलंस म्हणून मारलं. तोंडातलं रक्त ठिबकत होतं, माती ओली होत होती, आणि मला कळलं की छातीत काहीतरी हललंय. दुखणं असेल म्हणाल, तर बरगड्या दुसऱ्या बाजूच्या मोडल्या होत्या.

तिसरी लाथ आली नाही. माझ्या हाताशेजारी दुसरा हात आला, दंडावर माझ्या दातांची खूण असलेला. मग बाकीचे आले. बांबू उभा राहिला तो इतका उंच, की गुजरातेतल्या लोकांच्या माना अवघडल्या.

बायकोने ओल्या फडक्याने तोंड पुसलं. “देव धुंडाले गयात नि दात पाडी उनात,” एवढंच म्हणाली.

मी लंगडत पुजाऱ्याकडे गेलो. तो दगडावर बसून विडी ओढत होता. सुजलेल्या तोंडाने विचारलं, “बाबा, आते मी गावना शे का नही?”

त्याने माझे हात उलटेपालटे करून बघितले.

“नखं वाढव,” तो म्हणाला. “पुढच्या होळीला वर्ष आहे अजून.”