ओढू का?

हाडवैद्यांना एक खोड होती. "ओढू का?" असं विचारायचे आणि समोरच्याचं "ओढा" तोंडातच असताना सांधा कट्‌कन बसवून मोकळे व्हायचे. होकाराची वाट बघत बसलं की अंग ताठतं, मग सांधा बसायचं नाव घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक आधी बोंबलायचे, मग हसत घरी जायचे. त्यामुळे या खोडीला कोणी कधी हटकलंच नाही.

त्यांचा मेहुणा शिंपी. जिन्यावरून घसरला, खांदा निखळला, तसा तडक त्यांच्याकडे आला.

"ओढू का?"

"दाजी, थांबा..." तो म्हणेपर्यंत हात ओढलाही होता. शीर दुखावली आणि उजव्या हाताची बोटं कात्री धरेनाशी झाली. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं नि हाडवैद्य आरोपी झाले.

वकील निर्धास्त होता. "तो आपल्या पायांनी आला, म्हणजे संमती होती. तुमचा हेतू चांगला होता. एवढं धरून ठेवा, सुटाल." त्या वेळी आपण काय बोललो ते आठवत नाही, असं मेहुणाही सांगत होता. हाडवैद्यांच्या बायकोनं तर त्यांना बजावलंच होतं, "तिथं आगाऊपणा नको. विचारतील तेवढंच बोला."

हाडवैद्यांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात ते बसत, उठत, नळापर्यंत जाऊन पाणी न पिताच परत येत. हेतू चांगला होता, यात खोटं नाही. पण हेतू चांगला असला म्हणून कान बंद ठेवायची मुभा मिळते का? शेवटी ते मेहुण्याशेजारी टेकले.

"तू थांबा म्हणाला होतास."

मेहुणा डाव्या हातानं उजवी बोटं चोळत होता. "माहितेय."

"मग आठवत नाही म्हणून का सांगतोस?"

"ताईचं घर चालायला नको?" असं म्हणून तो एकदम थबकला. "म्हणजे तुम्ही ऐकलं होतं? मी इतके दिवस धरून चाललो, की तुम्हाला ऐकूच गेलं नसेल."

तेवढ्यात पुकारा झाला.

"त्याची संमती होती?" न्यायाधीशांनी विचारलं.

"आला तेव्हा होती, साहेब. मग थांबा म्हणाला. मी ऐकलं होतं."

वकिलानं कपाळावर हात मारला. मागच्या बाकावर बायको हुंदके देऊ लागली. मेहुण्यानं डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. उजवा त्याच्या मांडीवर तसाच पडून होता.