बारीक शेवया, एकच ढीग

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवया. ती बाजेवर उतरत्या पाटाशी बसून कणीक वळत होती, मी खाली बसून सुटलेले धागे काठीवर झेलत होतो. "हालू नका," म्हणे, "तुमच्यानं तुटते." तिच्या शेवया केसावानी बारीक. गावात तसा हात दुसऱ्या बाईचा नव्हता. नवरा म्हणून नाही सांगत, होताच तसा.

वाळल्या तशा तिनं त्या बचतगटात नेऊन सगळ्या बायांच्या ढिगात ओतल्या. तिथं नियमच तो. सुतळीवानी जाड असो का बारीक, पाकीट एकच, शेलूबाजारात भाव एकच. हा नियम बायांनी हात वर करून ठरवला, अन् पहिला हात हिचाच.

मी दरसाल भांडायचो.

"काहून व? तुया शेवया येगळ्या इक ना."

"मंग जाडवालीनं पाटावर बसूच नाही?"

"तिनं शिकावं."

"बसंल तं शिकंल ना, बाप्पा! तुमी काठी धरा नीट."

त्या साली ढिगात ओतून आली त्याच दिवशी, सांजेले, अंगणात बसल्या बसल्या गेली.

तेरवी झाल्यावर डबे पाहिले. घरासाठी तिनं मूठभरही ठेवल्या नव्हत्या. मले तिच्या हातच्या शेवया एकदा खायच्या होत्या, बस. गटात गेलो, ढिगाचं पोतं सोडलं, बारीक बारीक निवडून दुपट्ट्यात घ्यायला लागलो. शेजारची सून जवळ आली.

"मामाजी, ह्या तं माया हातच्या हायेत."

"इतक्या बारीक? खोटं नको बोलू."

"तुमच्या घरच्या आत्याबाईनंच शिकवलं. माया लय जाड व्हायच्या, तं मले आपल्या बाजूले बसवलं. त्या पलीकडच्या बाईलेही."

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याले आनंद झाला असेल. नाही झाला. राग आला. आपला हात तिनं गावभर वाटून टाकला, अन् मले तिची एक काडी ओळखता येईना. आजही म्हणतो, तिचा ढीग वेगळा पाहिजे होता.

दुपट्टा पोत्यात झटकला अन् एक सरमिसळ शेवयांचं पाकीट घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली, शेवया उकळत्या पाण्यात टाकल्या. बारीक होत्या त्या गळून गेल्या, जाड होत्या त्या कच्च्याच. गूळ-दूध घातलं अन् ताट पुसून सगळ्या खाल्ल्या.