बाराचा लाल टॉवेल

बंदरावरचे लोक त्यांना ‘वरचे काका’ म्हणत. धक्क्यावरच्या सगळ्यात उंच क्रेनच्या केबिनमध्ये ते बावीस वर्षं बसले. जहाजाच्या पोटातली खोकी उचलून ते धक्क्यावर इतकी अलगद टेकवायचे, की मुकादम म्हणायचा, "काकांच्या हाती अंडी द्या, एक फुटायचं नाही." नोकरी संपली, काका जमिनीवर आले, पण नाव मात्र वरचंच राहिलं.

पुढे जहाजं नव्या बंदराकडे वळली आणि जुन्या धक्क्याला रंगरंगोटी सुरू झाली. जकातीच्या कचेरीत कॉफीचं दुकान आलं. दोरखंडाच्या कारखान्यात चित्रं लागली. पाण्याच्या कडेने गुळगुळीत फरशी झाली, बाक आले, दिवे आले. बरोबरीचे म्हातारे नाकं मुरडत, पण काका खूष होते. "आपल्या वेळी चपलेला डांबर चिकटायचं, आता पोरांचं आइस्क्रीम चिकटतं. प्रगतीच की!"

एका गोष्टीने मात्र त्यांची झोप उडवली होती. पालिकेने त्यांची क्रेन पिवळीधमक रंगवली, तिला काचेची लिफ्ट बसवली आणि तिकीट लावून ती पाहुण्यांना खुली करायचं ठरवलं. उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या लिफ्टने वर जायचा मान होता काकूंचा.

त्याचं असं झालं होतं. लग्न झालं तेव्हा काकांना क्रेन नुकतीच मिळालेली आणि काकू परक्या गावातून आलेल्या. दिवसभर घरात एकट्या, दार वाजलं तरी दचकत. त्यांना धीर द्यावा म्हणून काका म्हणाले, "अगं, मी एवढा उंच बसतो, मला आपली खिडकी दिसणारच. रोज बाराला लाल टॉवेल बाहेर टाक. मी क्रेनची मान दोनदा वाकवून तुला सलाम करीन."

दुसऱ्या दिवशी बाराला काकांनी केबिनमधून पाहिलं, तर मध्ये विटांचं गोदाम. उंच, तिकोनी छपराचं, अगदी नाकासमोर. खिडकी काय, त्यांची अख्खी गल्ली त्याच्या आड. पण सलाम कबूल केला होता. त्यांनी विटांकडे बघून मान दोनदा वाकवली. संध्याकाळी काकू दारातच उभ्या.

"दिसला का हो?"

तो चेहरा बघून काकांच्या तोंडून निघून गेलं, "दिसला ना!"

मग रोज तेच. बाराचा भोंगा झाला की काका विटांना सलाम करत. खालून मुकादम ओरडे, "काका, गोदामाशी सोयरीक झाली काय?" एकदा तर सकाळी अकरालाच क्रेनची तार तुटली. कुणाला लागलं नाही, पण काम बंद पडलं. साडेबाराला बघतात तो फाटकाशी काकू. धापा टाकत, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, हातात डबा. "विसरला होतात!" काकांचा डबा तर केबिनमध्ये खुंटीला लटकत होता. त्या विसराळूपणावरून त्यांनी काकूंना पुढे किती वर्षं चिडवलं!

वर जायला तेव्हा चौऱ्याण्णव पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी होती. ती होती तोवर काका निर्धास्त होते. काकू तिच्यावर कधी चढणार नव्हत्या.

आता लिफ्ट आली. गोदाम पाडायचं घाटत होतं तेव्हा काकांनी मनातल्या मनात हात जोडले होते. पण जुनी वास्तू वाचवा म्हणून गल्लीत सह्यांचा कागद फिरला, काकूंनी पहिली सही ठोकली आणि पेन काकांच्या हातात दिलं. काय करतात बिचारे, केली सही. त्यावर कळस म्हणजे धक्क्यावरच्या नव्या संग्रहालयातली मुलगी मुलाखत घ्यायला घरी आली, तेव्हा काकूंनीच तिला टॉवेलची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. तिने ती मोठ्या अक्षरांत केबिनमधल्या पाटीवर छापली.

उद्घाटनाच्या सकाळी काका तीनदा म्हणाले, "तुला उंचीची चक्कर येईल गं."

"येऊ दे. धरायला तुम्ही आहात."

"अगं, एक सांगायचं होतं..."

"वर गेल्यावर सांगा. लिफ्ट थांबत नाही आपल्यासाठी."

केबिनमध्ये आठ-दहा पाहुणे होते. काकांची जुनी खुर्ची तशीच होती. मुलीने पाटी वाचून दाखवली आणि उत्साहाने वळली. "काकू, तुम्हीच दाखवा. कुठली ती खिडकी?"

सगळ्यांचे कॅमेरे वर झाले. काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. समोर ते गोदाम, विटेवर वीट, जराही न हललेलं. काकूंनी चष्मा सारखा केला, भिंत न्याहाळली, एकदा काकांकडे पाहिलं. मग हात लांब करून गोदामाच्या डावीकडे, दूरवर बोट दाखवलं.

"ती काय. पाण्याच्या टाकीशेजारची."

"अय्या, किती स्पष्ट दिसते!"

"हे काहीच नाही," काकू म्हणाल्या. "तेव्हा तर टॉवेलची किनारसुद्धा दिसायची यांना."

फोटो निघाले, टाळ्या झाल्या. मुलगी पाहुण्यांना घेऊन खाली गेली. वर दोघंच उरली. काका खुर्चीत बसले.

"ती आपली खिडकी नाही," ते कसंबसं म्हणाले.

"ठाऊक आहे. आपली या भिंतीमागे आहे."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून. मला खिडकीतून तुमची केबिन दिसत नव्हती, मग तुम्हाला मी कशी दिसणार? शाळेत पहिल्या बाकावर बसायची मी."

"मग बावीस वर्षं टॉवेल कशाला टाकलास?"

"टोक दिसायचं हो." काकूंनी वर बोट केलं. क्रेनची लांब मान आकाशात गेली होती, तिच्या टोकाकडे. "छपराच्या वर एवढंसं. बाराला दोनदा वाकायचं. म्हणजे वर सगळं ठीक आहे. मग टॉवेल आत घ्यायचा आणि पान वाढायचं. एकच दिवस वाकलं नाही."

"तो डबा..."

"मग मी काय सांगणार होते मुकादमाला? टोक वाकलं नाही म्हणून धावत आले?"

काकांनी इतकी वर्षं विटांना केलेला एकूण एक सलाम घरी पोचला होता. त्यांचा हात आपसूक क्रेनची मान हलवायच्या दांड्यावर गेला. दांडा हलेना. पाहुण्यांसाठी सगळं जाम करून टाकलेलं. तेवढ्यात खाली बाराचा भोंगा झाला. नव्या धक्क्यावाल्यांनी तो हौसेने चालू ठेवला होता.

काकांनी दांडा सोडला. खुर्चीत ताठ बसले, काकूंकडे पाहिलं आणि स्वतःचीच मान वाकवली. एकदा. दोनदा.

"दिसलं का?"

काकूंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"दिसलं. चला आता, जेवायची वेळ झाली."