वीस इकडे, वीस तिकडे

सावळीराम गांगुर्डेच्या हाताला एक खोड होती. चांदवडकडचा माणूस, कांदा समोर दिसला की हात आपोआप चालायचा. घट्ट, गोल, लाल पत्तीचा कांदा एकीकडे. बारकी गोल्टी, जोडकांदा, मानेला मऊ पडलेला माल दुसरीकडे. त्याची आई कुसाबाई खळ्यात कांदा निवडायला बसली की लहानग्या सावळीरामाच्या बोटांवर चापट द्यायची. "बघत काय बसतो मेल्या? हाताला कळाया पाहिजे!" कळलं हो हाताला. असं कळलं की पुढं त्याच हातानं एका भल्या बाईचं नुकसान केलं.

चौऱ्याहत्तर साली तो नाशकात एका कॉलेजात शिपाई म्हणून चिकटला. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायच्या, बाकं पुसायची, प्राध्यापकांना चहा आणायचा. सगळे त्याला "ए सावळ्या" म्हणायचे. एक्क्याऐंशीला लता पगारे नावाच्या नव्या बाई शिकवायला आल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सावळीरामदादा, जरा खिडकी उघडता का?" झालं! त्या दिवसापासून हा गडी बाईंसाठी जीव द्यायला तयार.

लताबाई नाशिकरोडच्या. वडील कारखान्यात कामगार, आणि अख्ख्या बुद्धवाडीत एमएस्सी झालेली ही पहिली मुलगी. नोकरी मात्र तात्पुरती. पीएचडी ठरल्या मुदतीत झाली तर कायम करू, असं विभागप्रमुखांनी सांगितलेलं. बाईंनी विषयही घरचाच घेतला. त्यांच्या वाडीवरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या.

"दादा, तारेतून वीज वाहते ना, तिच्याभोवती चुंबकासारखी एक ओढ तयार होते," बाईंनी त्याला समजावलं होतं. "दिसत नाही, लागत नाही. पण जिवंत पेशीला ती कळते का, एवढंच मला बघायचंय."

त्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याच्या रुंद नळकांड्यावर तांब्याची तार शेकडो वेढे गुंडाळली आणि तिच्यातून बारीक वीज सोडली. पाण्यानं भरलेल्या नळ्यांच्या तोंडावर कांदे बसवायचे. वीस कांदे तारेच्या वेढ्यांत, वीस पलीकडच्या बाकावर, विजेशिवाय. तीन दिवसांनी मुळं फुटली की टोकं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, आणि हजार पेशींतल्या किती दुभंगतायत ते बाई डोळे लाल होईस्तोवर मोजायच्या. कांदे ठेवायचं काम सावळीरामाचं. कांद्याच्या गावचा माणूस घरात असताना बाई कशाला दुसऱ्याला सांगतील?

"चाळीस कांदे आणा. वीस इकडे, वीस तिकडे," एवढंच त्या म्हणाल्या. आणि सावळीरामानं काय करावं? घट्ट, चांगल्या बुडाचे वीस निवडून बाईंच्या यंत्रात ठेवले आणि उरलेसुरले पलीकडे. बाईंच्या यंत्राला हलका माल कसा द्यायचा? पलीकडे नुसतं पाणीच तर होतं. त्यात पाप आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. महिन्यातून दोनदा, असं दोन वर्षं चाललं.

यंत्रातले कांदे दरवेळी जोरात! मुळं लांब, पेशी भराभर दुभंगणाऱ्या. बाई हरखून गेल्या. एकदा तर त्यांनी प्रयोगशाळेत टाळी वाजवली आणि सावळीरामाला स्वतःच्या पैशानं जिलेबी आणायला पाठवलं.

त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी पुण्याहून कुणी मोठे साहेब बघायला आले. बाई त्यांना सांगत होत्या, "कांदे न बघता उचललेले. दोन्हीकडे फरक फक्त विजेचा." चहाचे कप घेऊन सावळीराम दारात उभा होता. अरे देवा, हे न बघता उचलायचे होते!

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलला. साहेबांसमोर कसं बोलू, म्हणून त्या दिवशी राहिलं. बाई खुशीत आहेत, म्हणून दुसऱ्या दिवशी. मग वाटलं, आता न बघता ठेवू, म्हणजे फिटलं. पण प्रयोग संपला होता, बाई लिहायला बसल्या होत्या. घरी बायकोला, मैनाला, सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही गप बसा. कांद्यावरून कुनी नोकरी घालवतं का?" तो गप्प बसला. बाईंनी हाक मारली की नळ्या धुवायचं निमित्त काढायचा.

वर्षानं प्रबंध टाइप होऊन आला. बाई उत्साहानं म्हणाल्या, "दादा, बसा. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे." आणि इंग्रजीतलं त्यांनी मराठीत करून वाचलं, "सावळीराम गांगुर्डे यांनी प्रत्येक वेळी अतिशय काळजीपूर्वक कांदे ठेवले."

काळजीपूर्वक! सावळीरामाला रडूच फुटलं. त्यानं सगळं ओकून टाकलं. आईचं खळं, घट्ट कांदे, मऊ कांदे, सगळं.

बाईंनी विचारलं, "दरवेळी?"

"दरवेळी, बाई."

"आणि चूक झाली हे कधी कळलं?"

"ते पुण्याचे साहेब आले होते तेव्हा."

"वर्ष झालं त्याला, दादा."

बाईंनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती पानं गोळा केली.

"बाई, मी कुनाला बोलणार नाय. आईची आण! तुम्ही देऊन टाका प्रबंध."

"मला कळलं ना आता," बाई म्हणाल्या. "उद्या येताना पंचा आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला. तरी हात दाबून बघायला लागलेच! मेले ऐकेनात. शेवटी बाईंनी कांद्यांना आकडे दिले आणि चिठ्ठ्या टाकून सावळीरामाकडून उचलवल्या. सहा महिने असं केलं. बाईंच्या कांद्यांत तरी इकडे-तिकडे काही फरक निघाला नाही.

विभागप्रमुख म्हणाले, "काही होत नाही, हे सांगायला पीएचडी?" मुदत टळली. कायमच्या जागेवर दुसराच माणूस आला. लताबाई इगतपुरीच्या शाळेत लागल्या. निघताना म्हणाल्या, "येते, दादा." सावळीरामाला वर बघवलं नाही.

अठ्ठ्याऐंशीत त्याच्या नावानं कॉलेजात एक जाड पाकीट आलं. बाईंनी शाळा सांभाळून, नव्यानं लिहून प्रबंध पुरा केला होता. त्यातलं आभाराचं पान त्यांनी पाठवलं होतं. कारकून पुंजारामनं वाचून दाखवलं, "सावळीराम गांगुर्डे यांनी स्वतःहून मला खरं सांगितलं, म्हणून हे काम खरं झालं."

"अरे वा! नाव छापून आलं की लेका! पेढे आण!" पुंजाराम म्हणाला.

"पुढं काय लिवलंय?"

"पुढं काही नाही."

"नीट बघ. वर्षानं सांगितलं, असं असंल कुठंतरी."

पुंजारामनं पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.